भट्टीचं तापमान एका जागी टिकत नाही: पीआयडीला हात लावण्याआधी काय तपासायचं

नाशिककडच्या सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या कारखान्यांत मी इन्स्ट्रुमेंटेशनची कामं करतो. कॉल कुठूनही आला तरी पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "टेम्परेचर स्टेबल होत नाही. दोनदा ऑटोट्यून मारलं, तरी तेच." पावडर कोटिंगचा ओव्हन, हार्डनिंगची भट्टी, प्लेटिंगची टाकी, दिंडोरीकडच्या वायनरीतली फर्मेंटेशनची टाकी, सगळीकडे हीच तक्रार. पीआयडी म्हणजे हीट किती द्यायची हे कंट्रोलर ज्या तीन आकड्यांवरून ठरवतो ते पी, आय आणि डी, आणि ऑटोट्यून म्हणजे ते आकडे कंट्रोलरने स्वतः शोधून बसवणं. जाऊन बघावं तर पीआयडीच्या आकड्यांचा तक्रारीशी काही संबंध नसतो. कुठे टर्मिनलचा स्क्रू ढिला असतो, कुठे सेन्सर दोन बोटं बाहेर आलेला असतो, कुठे तीनपैकी एक हीटर उडालेला असतो.

कंट्रोल लूपमध्ये चार जण काम करतात. सेन्सर बघतो, कंट्रोलर ठरवतो, एसएसआर (हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) किंवा कॉन्टॅक्टर (तेच काम काँटॅक्ट जोडून-तोडून करणारा स्विच) किंवा वॉल्व्ह ते अमलात आणतो, आणि भट्टी त्याला उत्तर देते. चौघांपैकी कोणीही चुकला तरी डिस्प्लेवर हलतो तो एकच आकडा, आणि बटणं फक्त कंट्रोलरला असतात म्हणून हात तिकडेच जातो. बिघडलेल्या लूपवर ऑटोट्यून केलं की कंट्रोलर त्या बिघाडालाच भट्टीचा स्वभाव समजतो आणि तसे आकडे बसवतो. पुढे खरा बिघाड सापडून दुरुस्त झाला, की ते आकडे चुकीचे ठरतात आणि भट्टी पुन्हा नाचायला लागते. म्हणून ट्यूनिंग शेवटी.

आधी लक्षण ओळखा

पीव्ही म्हणजे प्रत्यक्ष तापमान, एसव्ही म्हणजे आपण लावलेलं. खालच्यापैकी तुमचं दुखणं कोणतं ते आधी ठरवा.

- पीव्ही एसव्हीच्या वर-खाली एका लयीत फिरतो, दर चार-पाच मिनिटांनी एक फेरा. याला आपण हंटिंग म्हणतो.
- पीव्ही अचानक उडी मारतो. १८२ वरून २१०, पुढच्या क्षणी १७९. एवढं मोठं लोखंड एका सेकंदात तीस अंश तापत किंवा निवत नाही. म्हणजे तापमान हललेलं नाही, सिग्नल हललाय.
- फक्त सकाळी सुरू करताना पीव्ही बराच वर जातो, मग खाली येऊन दिवसभर नीट राहतो. असं वर जाणं म्हणजे ओव्हरशूट.
- एसव्हीपर्यंत पोचतच नाही, किंवा आधी चाळीस मिनिटांत पोचायचा तिथे आता दीड तास लागतो.
- एसव्ही ओलांडून वर चढतच राहतो. हे लक्षण दिसलं तर पुढचं वाचू नका. आधी हीटरचा मेन बंद करा, मग वाचा.
- पीव्ही अगदी स्थिर आहे, पण माल खराब निघतोय. रंग पिवळा पडतोय, हार्डनेस कमी-जास्त येतोय. सगळ्यात फसवं लक्षण हेच, कारण डिस्प्ले बघून सगळे निर्धास्त असतात.

वही आणि घड्याळ

पहिल्या तपासणीला एक रुपया लागत नाही. वही घ्या आणि दर अर्ध्या मिनिटाला पीव्ही आणि आउटपुटची टक्केवारी, म्हणजे कंट्रोलर किती हीट मागतोय ते, लिहा, वीस मिनिटं. सोबत काय घडलं तेही लिहा: दार उघडलं, ट्रॉली आत गेली, कॉम्प्रेसर सुरू झाला.

कंटाळवाणं काम आहे, पण निम्मं निदान यातच होतं. हंटिंगचा फेरा किती वेळाचा आहे ते कळतं, आणि तो आकडा पुढे ट्यूनिंगलाही लागतो. दुसरं म्हणजे आउटपुट आणि पीव्ही यांचं नातं दिसतं. आउटपुट शून्यावर आहे तरी पीव्ही चढतोय, याचा अर्थ कंट्रोलर म्हणतोय "पुरे" आणि पुढे कोणी ऐकत नाही. आउटपुट शंभर टक्के आहे आणि पीव्ही जागचा हलत नाही, तर हीटर किंवा सप्लाय बघायचा. दोन्ही ठिकाणी पीआयडी निर्दोष आहे.

वही लिहून झाली की ऑपरेटरला शेजारी उभं करून एकच प्रश्न विचारा: "हे सुरू व्हायच्या आधी काय बदललं होतं?" साफसफाई, सेन्सर बदली, पॅनल हलवणं, लाइनचं काम. सुपरवायझरला जे माहीत नसतं ते रात्रपाळीच्या पोराला माहीत असतं. त्याच्यावर दोष येणार नाही असं आधी सांगा, मग तो खरं बोलतो.

कंट्रोलरचं सेटिंग नुसतं वाचा

वाचताना काहीही बदलू नका, आधी सगळे आकडे वहीत उतरवा किंवा फोटो काढा. इनपुट टाइप बघा. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सेन्सर, के आणि जे या त्याच्या जाती. भट्टीत के टाइप थर्मोकपल आणि कंट्रोलरमध्ये जे टाइप निवडलेलं असेल तर डिस्प्ले खरं तापमान कमी दाखवतो आणि भट्टी खरोखर जास्त तापते. के टाइप ५०० अंशाला साधारण २०.६ मिलिव्होल्ट देतं, जे टाइप २७.४. जे टाइप समजणारा कंट्रोलर २०.६ मिलिव्होल्टला ५०० म्हणणार नाही, चारशेच्या अलीकडेच राहील. कंट्रोलर नवा बसवला असेल तर ही चूक हमखास सापडते.

मग कंट्रोल ॲक्शन. तापवायला रिव्हर्स, थंड करायला डायरेक्ट. एका वायनरीत टाकीच्या जॅकेटमध्ये ग्लायकॉल सोडणारा सोलेनॉइड वॉल्व्ह टाकी गार झाली की उघडायचा आणि तापली की बंद व्हायचा. नवा कंट्रोलर बसवताना ॲक्शन कारखान्यातून आलं तसंच, तापवण्याचं, राहिलं होतं. पंधरा अंशावर राहायला हवा असा रस चढत चालला होता आणि तिथली माणसं दोन दिवस चिलर तपासत होती. एक सेटिंग बदललं आणि काम झालं.

आणि बायस, म्हणजे सेन्सरच्या आकड्यात कायमचा मिळवलेला किंवा वजा केलेला आकडा, कुठे त्याला ऑफसेट म्हणतात. तिथे शून्याऐवजी २२ किंवा उणे १५ असा आकडा दिसला तर समजा, आधीच्या कोणीतरी दुखणं बरं करण्याऐवजी झाकलंय. तो आकडा वहीत ठळक लिहून ठेवा, पुढे त्याचं कारण सापडेल.

सायकल टाइम, म्हणजे आउटपुटच्या एका चालू-बंदला लागणारे सेकंद, तेही बघून घ्या. एसएसआर असेल तर एक-दोन सेकंद ठीक. कॉन्टॅक्टर असेल तर पंधरा-वीस सेकंद तरी हवेत. कॉन्टॅक्टरला दोन सेकंद दिले तर तो दिवसभर खडखडत राहतो आणि लवकरच त्याचे काँटॅक्ट चिकटतात.

सेन्सर बसलाय कुठे

यावर जरा थांबतो, कारण माझे सर्वात जास्त कॉल इथेच संपले आहेत.

अंबडला एका पावडर कोटिंगच्या ओव्हनवर पांढरा रंग पिवळट निघत होता. डिस्प्लेवर १९०, अगदी खिळल्यासारखा. ऑपरेटर म्हणाला, "दादा, कंपनीने पावडर बदलली असेल." पावडर तीच होती. मी ओव्हनच्या बाजूला गेलो आणि सेन्सरकडे पाहिलं. सेन्सरची नळी जिथपर्यंत भिंतीच्या आत राहते तिथपर्यंत तापून तपकिरी होते, बाहेरचा भाग चकचकीत राहतो. इथे ग्लँडच्या (नळी भिंतीत आवळून धरणाऱ्या नटाच्या) बाहेर दोन बोटं तपकिरी पट्टा दिसत होता. म्हणजे सेन्सर तेवढा मागे सरकलेला होता आणि त्याचं टोक ओव्हनच्या हवेऐवजी भिंतीतल्या ग्लासवूलमध्ये होतं. सेन्सर तिथलं तापमान इमानदारीने १९० सांगत होता, हवा मात्र त्यापेक्षा बरीच गरम होती. आठवडाभरापूर्वी साफसफाईत कोणीतरी नळीला धरून आधार घेतला होता. सेन्सर आत सारला, ग्लँड कसला, आणि नळीवर ग्लँडपाशी पेंटने खूण केली. खूण ग्लँडपासून लांब दिसली की सेन्सर सरकलाय हे आता झाडूवाल्या मावशींनाही कळतं.

टाकीत किंवा पाइपात सेन्सर थर्मोवेलमध्ये, म्हणजे बंद तळाच्या धातूच्या नळीत, असतो. तिथे टोक तळाला टेकलंय का ते बघा. मध्ये हवेची पोकळी राहिली की सेन्सरला उशिरा कळतं. खरं तापमान वाढून मिनिट झालेलं असतं आणि कंट्रोलर अजून हीट देतच असतो, मग वर गेल्यावर बंद करतो, आणि खाली येतानाही तोच उशीर. हंटिंगचं एक मोठं कारण हा उशीर आहे. स्प्रिंग लावलेला सेन्सर वापरा, म्हणजे टोक तळावर दाबून राहतं.

जाता जाता ब्लोअरही बघा. ओव्हनमध्ये हवा फिरवणाऱ्या ब्लोअरवर बाण असतो, पंखा त्याच दिशेने फिरतोय ना? लाइनचं काम झाल्यावर दोन फेज अदलाबदल झाले की मोटार उलटी फिरते. सेंट्रिफ्यूगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूने येते, फक्त कमी येते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. एका कोपऱ्यात माल कच्चा, दुसऱ्या कोपऱ्यात करपलेला, आणि दोष पीआयडीला. पट्टा ढिला आणि दाराचं गॅस्केट फाटलेलं, ही दोन कारणंही डोळ्यांनीच सापडतात.

टर्मिनल, केबल आणि लोहचुंबक

इथून पुढे हीटरचा मेन एमसीबी बंद करूनच. कंट्रोलरचा सप्लाय चालू ठेवावा लागतो आणि त्याच्या मागे सेन्सरच्या टर्मिनलला लागूनच २३० व्होल्ट असतात. त्याची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनला सोबत घ्या.

आधी सगळे स्क्रू कसा. रोज तापून निवणाऱ्या ठिकाणी स्क्रू आपोआप ढिले होतात. उडी मारणारा पीव्ही निम्म्या वेळा इथेच बरा होतो. सेन्सरच्या डोक्याचं झाकणही उघडून बघा. पावसाळ्यात झाकण उघडं राहिलं की आत हिरवट गंज चढतो आणि ओल धरते, आणि दुपारी ऊन पडलं की बिघाड गायब होतो. जुलैच्या महिन्यात "कधी होतं, कधी होत नाही" अशी तक्रार आली की मी आधी झाकण उघडतो.

आता सर्वात उपयोगी चाचणी. थर्मोकपल कंट्रोलरपासून सोडवा आणि कंट्रोलरच्या त्याच दोन टर्मिनलमध्ये तांब्याच्या वायरचा छोटा तुकडा लावा. कंट्रोलर ठीक असेल तर तो टर्मिनलपाशी जे तापमान आहे ते दाखवेल, म्हणजे पॅनलच्या आतलं, आणि स्थिर राहील. तसं झालं तर कंट्रोलर सुटला, बिघाड बाहेर आहे. तेव्हाही आकडा नाचत असेल तर कंट्रोलर किंवा त्याचा सप्लाय खराब. एका मिनिटात अर्धा लूप वगळता येतो. पीटी-१००, म्हणजे तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर, असेल तर हा तुकडा चालणार नाही, त्याचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजा. शून्य अंशाला १०० ओहम, ३० अंशाला १११.७, आणि दर अंशाला साधारण ०.३९ ओहमने वाढतो. तीन वायरच्या पीटी-१०० मध्ये एका रंगाच्या दोन वायर असतात, त्यांच्यातला रेझिस्टन्स अगदी थोडा यायला हवा.

मग केबल. थर्मोकपलला त्याच्याच जातीची कंपेन्सेटिंग केबल लागते, साधी तांब्याची वायर नाही. सिन्नरच्या एका भट्टीवर तक्रार होती की सकाळी बरोबर चालते, दुपारी बिघडते. बायसमध्ये २२ टाकलेलं मला आधीच दिसलं होतं. केबल धरत भट्टीपर्यंत गेलो, तर मध्ये उंदरांनी कुरतडलेला तुकडा बदलताना साधी लाल-काळी वायर जोडलेली. जोड भट्टीच्या भिंतीला लागून होता, तिथे हात ठेवता येत नव्हता. भट्टीजवळचा जोड ६० अंशावर आणि पॅनल ३० वर असेल तर डिस्प्ले खऱ्यापेक्षा ३० अंश कमी दाखवतो. सकाळी भिंत गार असते तेव्हा चूक लहान, दुपारी मोठी. एक बायस दिवसभर कसा पुरणार? केबल सलग बदलली आणि बायस शून्यावर आणला.

उलटी जोडणी याहून वाईट. थर्मोकपलचे प्लस-मायनस कंट्रोलरपाशी उलटे झाले तर भट्टी तापेल तसा आकडा उतरतो, कंट्रोलर आणखी हीट देतो आणि भट्टी हाताबाहेर जाते. केबल दोन्ही टोकांना उलटी लागली तर आकडा चढतो, सगळं ठीक वाटतं, पण जोडाच्या आणि पॅनलच्या तापमानात जेवढा फरक आहे त्याच्या दुप्पट चूक येते.

रंगावर विसंबू नका. एका मानकात के टाइपचा प्लस हिरवा आणि मायनस पांढरा, दुसऱ्यात प्लस पिवळा आणि मायनस लाल. लाल म्हणजे प्लस अशी आपल्या हाताला सवय असते, ती इथे घात करते. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. के टाइपच्या दोन तारांपैकी जी चुंबकाला चिकटते ती मायनस. जे टाइपमध्ये उलट, चिकटते ती लोखंडाची तार प्लस.

सेन्सर खरं बोलतोय का

स्टीलच्या नळीतला सेन्सर असेल तर घरगुती चाचणी करा. बर्फ बारीक फोडून थोड्या पाण्यात कालवा, सेन्सरचं टोक मध्यभागी धरा, भांड्याला टेकू देऊ नका, हलवत राहा. शून्याच्या एक-दोन अंश इकडेतिकडे आलं पाहिजे. मग उकळतं पाणी. इथे १०० ची अपेक्षा ठेवू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८ अंशाच्या आसपास उकळतं. मी स्वतः बघितलंय, चांगला सेन्सर ९८ दाखवतो म्हणून फेकून दिला आणि नवा आणला, तोही ९८.

८००-९०० अंशाची भट्टी असेल तर या चाचणीने फार काही सिद्ध होत नाही. थर्मोकपल त्या तापमानाला म्हातारं होतं, आणि ते खाली बरोबर दाखवून वर चुकू शकतं. कार्बुरायझिंगसारख्या, आत प्राणवायू कमी असलेल्या वातावरणात के टाइपच्या प्लस तारेतलं क्रोमियम खाल्लं जातं, त्याला ग्रीन रॉट म्हणतात. मग आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो, आणि कंट्रोलर भट्टी जास्त तापवतो. अशी प्लस तारही चुंबकाला ओढ घ्यायला लागते. तिथे सेन्सर ठरावीक मुदतीने बदलायचाच, तो मेलेला दिसायची वाट बघायची नाही. मात्र दोन नव्या सेन्सरमध्ये चार-पाच अंशांचा फरक दिसला म्हणून घाबरू नका, साध्या प्रतीच्या के टाइपला ९०० अंशाला पावणेसात अंशांपर्यंतची सूट मानकातच दिलेली आहे.

पीव्ही उडी मारतोय, स्क्रू घट्ट आहेत, सेन्सरही ठीक आहे, तर गोंगाट शोधा. व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह, काही मिनिटं बंद करून बघा. पीव्ही शांत झाला तर सेन्सरची केबल मोटारीच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून जातेय. ती वेगळी काढा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा, आणि तिचं शील्ड, म्हणजे तारांभोवतीचं धातूचं आवरण, एकाच टोकाला अर्थ करा.

एसएसआर, कॉन्टॅक्टर, हीटर

इथे टाँग टेस्टर, म्हणजे वायरला बाहेरून चिमट्यात धरून करंट मोजणारा मीटर, लागतो आणि चालू सप्लायवर मोजावं लागतं. हे काम लायसन्स असलेल्या वायरमनचं.

एसएसआर बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होतो, म्हणजे कायम चालू राहतो. कंट्रोलरचा आउटपुट शून्य करा, एसएसआरचा दिवा विझलेला हवा, आणि हीटरच्या वायरवर टाँग टेस्टर लावा. करंट आला तर एसएसआर गेला. मल्टिमीटरने व्होल्टेज बघून निकाल देऊ नका, बंद एसएसआरमधूनही थोडी गळती होते आणि लोड नसताना मीटर फसवतो. नवा बसवताना हीटसिंक आणि थर्मल पेस्ट विसरू नका. एसएसआरमध्ये दर अँपिअरला साधारण एक ते दीड वॅट उष्णता होते, ४० अँपिअरला पन्नास वॅटच्या घरात. बंद पॅनलमध्ये तेवढी साठली की तो उन्हाळाही काढत नाही.

आता हीटर. आउटपुट शंभर टक्के ठेवून तिन्ही फेजचा करंट मोजा. १८ किलोवॅटच्या, ४१५ व्होल्टच्या हीटर बँकेला प्रत्येक लाइनमध्ये २५ अँपिअर यायला हवा. डेल्टा जोडणीत एक हीटर उडाला तर एका लाइनमध्ये २५ राहतो आणि उरलेल्या दोन्हींत साडेचौदा, ताकद दोन तृतीयांश. न्यूट्रल नसलेल्या स्टारमध्ये एक उडाला तर दोन लाइनमध्ये पावणेबावीस, तिसरीत शून्य, आणि ताकद थेट निम्मी. तरीही भट्टी चालते, उशिरा का होईना पोचते, म्हणून महिनोन्‌महिने कोणाला कळत नाही. ट्यूनिंग मात्र पूर्ण ताकदीच्या भट्टीचं असतं.

व्होल्टेजही लिहून ठेवा. ताकद व्होल्टेजच्या वर्गाने बदलते, व्होल्टेज १० टक्के पडला की हीटरची ताकद १९ टक्के पडते. दिवसा उशीर आणि रात्री ओव्हरशूट होत असेल तर आधी हे बघा.

आउटपुट हाताने धरून बघा

ट्यूनिंगच्या दारात ही शेवटची चाचणी. भट्टी एसव्हीजवळ असताना कंट्रोलर मॅन्युअलमध्ये टाका आणि आउटपुट वहीतल्या सरासरीवर, समजा ४० टक्क्यांवर, स्थिर धरा. भट्टीजवळून हलू नका, तापमानावर लक्ष ठेवा.

आउटपुट स्थिर असूनही पीव्ही त्याच लयीत फिरत असेल तर कंट्रोलर निर्दोष. बाहेरचं काहीतरी त्या लयीत येतंय: दार, कन्व्हेयर, चिलरचं चालू-बंद होणं. वहीतल्या नोंदींशी फेऱ्याची वेळ जुळवून बघा. पण मॅन्युअलमध्ये पीव्ही शांत झाला आणि ऑटोमध्ये टाकताच पुन्हा डुलायला लागला, तर आता ट्यूनिंगकडे वळायला हरकत नाही.

ऑटोट्यून नेहमीच्या तापमानाजवळ, नेहमीच्या लोडवर, दार न उघडता करा. ते करताना कंट्रोलर मुद्दाम तापमान एसव्हीच्या वर-खाली नेतो, म्हणून माल किंवा भट्टी जिथे वर गेलेली सोसणार नाही तिथे एसव्ही थोडा खाली ठेवून करा. रिकाम्या ओव्हनवर करून भरलेल्या ओव्हनकडून अपेक्षा ठेवू नका.

हाताने करायचं असेल तर झिगलर आणि निकोल्स यांनी १९४२ मध्ये मांडलेली रीत आजही कामाला येते. आय म्हणजे साठत गेलेल्या चुकीला दिलेलं उत्तर, डी म्हणजे तापमान किती वेगाने बदलतंय त्याला दिलेलं, आणि पी म्हणजे प्रपोर्शनल बँड, एसव्हीच्या किती जवळ आल्यावर हीट कमी करत जायचं तो पट्टा. आय आणि डी बंद करा, प्रपोर्शनल बँड हळूहळू अरुंद करत न्या, पीव्ही एकसारखा, न वाढता न कमी होता, डुलायला लागेपर्यंत. तो बँड आणि एका फेऱ्याची वेळ लिहा. बँड त्याच्या १.७ पट ठेवा, आय फेऱ्याच्या निम्मा, डी आठवा हिस्सा. फेरा २४० सेकंदांचा आणि बँड ३ टक्के असेल तर बँड ५, आय १२०, डी ३०. भट्टीला तापवता येतं पण गार करता येत नाही, आणि ही रीत जरा आक्रमक आहे, म्हणून मी बँड त्याच्या दुप्पट करून सुरुवात करतो आणि मग गरजेप्रमाणे कमी करतो.

फक्त सकाळच्या सुरुवातीलाच ओव्हरशूट होत असेल तर बहुधा आयचं प्रकरण असतं. गार भट्टी तापताना तासभर चूक साठत जाते आणि एसव्ही आल्यावरही ती साठवण हीट देत राहते. आयचे सेकंद वाढवा किंवा रॅम्प लावून एसव्ही टप्प्याटप्प्याने चढवा.

इथे थांबायचं

गॅस किंवा डिझेल बर्नर, त्याचा फ्लेम सेन्सर, बॉयलर, थर्मिक फ्लुइड हीटर, यांतलं काहीही असेल तर वही, घड्याळ आणि सेटिंग वाचणं यापुढे जाऊ नका. तिथल्या ज्वाळेच्या सुरक्षेला बायपास करणं म्हणजे न जळलेला गॅस साठू देणं. सॉल्व्हंटच्या वाफा असलेला ओव्हन आणि स्वतःची उष्णता निर्माण करणारी केमिकल रिॲक्शनही याच यादीत. तिथे मॅन्युअलची चाचणी अजिबात करायची नाही.

ओव्हरटेम्परेचर लिमिट ट्रिप झाली असेल तर रीसेट करून पुढे जाऊ नका. ती का पडली ते सापडेपर्यंत भट्टी बंद. पॅनलमध्ये जळका वास, काळवंडलेली टर्मिनल, एकच एसएसआर महिन्यात दुसऱ्यांदा गेलेला, अशा वेळी सप्लाय आणि लोड तपासायला पॅनलवाला बोलवा.

ज्या भट्टीचा माल वाहन किंवा विमान उद्योगात जातो तिथे सीक्यूआय-९ किंवा एएमएस २७५० चे नियम असतात. तिथे बायस बदलणं, सेन्सर बदलणं, केबल बदलणं यानंतर तपासणी आणि नोंद बंधनकारक असते. क्वालिटीवाल्यांना विचारल्याशिवाय बटणाला हात नको, आणि कॅलिब्रेशन एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबकडूनच.

माणूस बोलावताना फोनवर एवढं सांगा: लक्षण कोणतं, फेरा किती सेकंदांचा, मॅन्युअलमध्ये काय झालं, वायरचा तुकडा लावल्यावर कंट्रोलरने किती दाखवलं, सेन्सर कोणत्या जातीचा, तिन्ही फेजचा करंट किती, आणि बायसमध्ये सापडलेला आकडा. त्यावरून तो योग्य सेन्सर, योग्य केबल आणि योग्य अँपिअरचा एसएसआर बरोबर घेऊनच निघेल.